इतिहास विभागाचं वर्ष कसं बसवावं: मोडी कट्टा, कागद-दिवस आणि शिवारफेरी

खानदेशातल्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात इतिहासाचा विभाग सांभाळणारे शिक्षक आणि अभ्यास मंडळात नव्यानं आलेले विद्यार्थी, या दोघांसाठी हे लिहिलं आहे. विभाग टिकतो तो दर आठवड्याला ठरल्या वेळी भरणाऱ्या लहान बैठकीवर आणि आसपासच्या गावांनी विश्वासानं उघडलेल्या पेट्यांवर. एका दिवसाचं मोठं चर्चासत्र घ्यायला हरकत नाही, पण सगळं वर्ष त्यासाठी खर्ची घालू नका. मंडप उतरला की दुसऱ्या दिवशी विभागाच्या दाराला पुन्हा कुलूप दिसतं आणि चार महिन्यांची मेहनत एका स्मरणिकेत बंद होते.

तारखा ठरवण्याआधी

विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा आणि आधी नको त्या तारखा खोडा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. या दोन दिवसांत मुली तर वर्गात दिसणारच नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खेड्यातली मुलं निघून जातात. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी जोरात असते. घरची चार-सहा एकर कपाशी असलेला विद्यार्थी त्या दिवसांत दुपारच्या कार्यक्रमाला आला नाही तर त्याची गैरहजेरी मांडू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातले भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा, धडगाव, शहादा, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातली आदिवासी मुलं तेव्हा घरी असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरचा कोणताही उपक्रम ठेवू नका.

एवढं खोडल्यावर जुलैचा उत्तरार्ध, ऑगस्ट-सप्टेंबरमधले काही आठवडे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी एवढे दिवस हाती राहतात. आठवड्याची बैठक जुलैत सुरू करावी. गावात जायचं काम आणि शिवारफेरी डिसेंबर-जानेवारीत घ्यावी. या भागाच्या आपल्या तारखाही तिथंच येतात: २७-२८ डिसेंबरला १९३६चं फैजपूर काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, आणि ३१ डिसेंबरला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांची पुण्यतिथी. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं. पहिल्या सत्रात ९ सप्टेंबर आहे, १९४२ला नंदुरबारला शिरीषकुमार गोळीबारात हुतात्मा झाला तो दिवस. एवढ्या तीन तारखा पुरेत. प्रत्येक जयंती-पुण्यतिथीला प्रतिमापूजन करत बसलं की वाचायला वेळ राहत नाही.

दिवसाची वेळ एस.टी. ठरवते. मुलांना विचारून कोणाची शेवटची सोयीची गाडी किती वाजता आहे ते एका कागदावर मांडा. बहुतेक ठिकाणी तीन-साडेतीननंतरचा कार्यक्रम म्हणजे फक्त वसतिगृहातली आणि शहरातली मुलं, असंच चित्र निघतं. म्हणून बैठक दुपारी साडेबारा ते पावणेदोन ठेवावी.

मोडी कट्टा

आठवड्याची बैठक ती हीच: मोडी लिपीतले जुने कागद एकत्र बसून वाचायचे. आठवड्यातून एक वार ठरवा आणि तो वर्षभर बदलू नका. पहिल्या महिन्यात पंचवीस जण येतील, दुसऱ्यात आठ-दहा उरतील. हीच खरी संख्या आहे, तिच्याकडे बघून नाउमेद होऊ नका. बारापेक्षा जास्त जण एका कागदाभोवती नीट बसूही शकत नाहीत.

पहिले चार आठवडे बाराखडी गिरवण्यात जातील. त्यात मुलांच्या अंगवळणी पडायला हव्यात त्या गोष्टी तीन. मोडीत आधी आडवी शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठं तुटतो ते रेघेवरून कळत नाही. ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. आणि विरामचिन्हं नसतातच. पाचव्या आठवड्यापासून खरा कागद घ्या. मजकूर पंधरा ते वीस ओळींचा असावा, त्याहून मोठा नको. त्याची दीडपट मोठी प्रत काढून दोघांत एक द्या. सगळ्यांच्या हातात पेन्सिल असावी, पेन नको.

बैठकीत कोण काय करतं यावर कट्टा तगतो की मोडतो ते ठरतं. ज्याला सगळ्यात जास्त येतं तोच वाचू लागला की बाकीचे श्रोते होतात आणि तिसऱ्या आठवड्यात येणं बंद करतात. म्हणून पटाईत वाचणाऱ्याला फळ्यावर लिहायला उभं करा; तो फक्त लिहील, सुचवणार नाही. वाचन नव्यांनी करायचं, प्रत्येकानं दोन ओळी. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावं आणि अडलेल्या शब्दाला निदान दोन मिनिटं तरी उत्तर देऊ नये.

लिप्यंतराचे, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवण्याचे, नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. मूळ कागदात ओळ जिथं तुटते तिथंच आपलीही तोडायची. शुद्धलेखन सुधारायचं नाही. वाचता आलं नाही तिथं चौकटी कंसात टिंबं, शंका असेल तिथं शब्दापुढं प्रश्नचिन्ह. अंदाजानं भरलेला शब्द सगळ्यात घातक, कारण पुढचा वाचणारा तो खरा धरून चालतो. संक्षेप उलगडून लिहिलात तर तेही खूण करून दाखवा. मौजे, परगणे, राजश्री हे शब्द पहिलं अक्षर आणि पुढं दोन दंड एवढ्यावरच भागवलेले असतात. रकमेत हेच दंड पाव, अर्धा आणि पाऊण दाखवतात: २। म्हणजे सव्वादोन, २॥ म्हणजे अडीच, २॥। म्हणजे पावणेतीन. नवीन मुलं २॥ हा आकडा हमखास दोनशे अकरा वाचतात आणि मग अडीच रुपयांच्या व्यवहाराचा दोनशे अकरा रुपयांचा होतो. बेरीज जुळत नसेल तर आधी दंड तपासा.

कालगणनेसाठी एक पुठ्ठा करून कायमचा टांगून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००, कारण तो मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो: मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एककाकडून हजाराकडे जातो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. त्या सनातल्या जानेवारीला ६०० मिळवा, १७६१ येतं, म्हणजे पानिपत. मुलांना हा एक दाखला दिला की पद्धत डोक्यात बसते. चंद्राची तारीख ‘छ’ लिहून देतात आणि पुढं मुसलमानी महिना येतो. ती तारीख जंत्रीत, म्हणजे तारखांच्या छापील कोष्टकात, बघूनच बदलावी, तोंडी हिशेब करू नये.

कट्ट्याची एक जाड नोंदवही हवी. कागदाचा क्रमांक, कोणाच्या घरचा, कधी वाचला, कोणी वाचला, आणि न सुटलेले शब्द. त्या शेवटच्या रकान्याला फार मोल आहे. डिसेंबरपर्यंत वीसेक न सुटलेले शब्द साठले की ते घेऊन धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जा. दिवसभर दप्तरं पाहणं आणि जाणकारांकडून अडलेले शब्द सोडवून घेणं, असं नेमकं काम हाती घेऊन गेलेल्या मुलांना ती जागा खरी कळते. नुसती भेट, गटाचा फोटो आणि परत, असं करू नका. जाण्याआधी पंधरा दिवस विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवा आणि कोणते कागद पाहायचे आहेत ते त्यात लिहा.

कागद-दिवस

वर्षातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात बिघडू शकणारा कार्यक्रम हा. गावात एक दिवस बसायचं, लोकांनी घरातले जुने कागद आणायचे, तिथंच त्यांची छायाचित्रं घ्यायची आणि कागद त्याच वेळी मालकाच्या हाती परत द्यायचे. मूळ कागद विभागात आणायचा नाही, कोणी स्वतःहून दिला तरी नाही. एक सनद हरवली की त्या तालुक्यात पुढची वीस वर्षं कोणी पेटी उघडत नाही.

गाव निवडताना आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचं गाव घ्या. पंधरा दिवस आधी तो विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा दोघांनी जाऊन सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि गावातले दोन-तीन जाणते, ज्यांना सगळे आबा, अप्पा किंवा जिभाऊ म्हणतात, त्यांना भेटावं. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नुसती दवंडी देऊन भागत नाही. ‘जुने कागद घेऊन या’ असं ऐकलं की निम्म्या लोकांना जमिनीची चौकशी आली असं वाटतं आणि उरलेल्यांना अनुदान आलं असं. घरोघर जाऊन सांगावं लागतं: आम्ही कॉलेजचे, इतिहासवाले, फोटो काढणार, कागद तुमच्याच हातात राहणार.

जागा शाळेची पडवी किंवा समाजमंदिर, पण भिंतीला मोठी खिडकी असलेली. वेळ सकाळी नऊ ते तीन. टेबलं पाच लावा, या क्रमानं: नोंद आणि क्रमांक, कागद उघडणं, छायाचित्र, वाचन, आणि परतावा. माणसं किमान बारा लागतात. छायाचित्राची दोन टेबलं असतील तर दिवसभरात तीसेक घरांचे कागद नीट होतात. त्याहून जास्त लोक आले तर चिठ्ठी देऊन पुढची तारीख सांगा, घाई करू नका. मालकाला प्रत्येक टेबलाशी खुर्ची द्या. आपला कागद नजरेआड झाला असं त्याला क्षणभरही वाटता कामा नये.

कागद उघडताना हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. जाड सुती हातमोजे घालू नका, बोटांना कागदाची कड कळत नाही आणि फाटतो. गुंडाळलेला लांब कागद बहुधा तुकडे चिकटवून केलेला असतो. तो जोडावर सुटतो, म्हणून एका बाजूनं उलगडत दुसऱ्या बाजूनं सैल गुंडाळत जा. कडांवर ठेवायला धुतलेली वाळू भरलेल्या कापडी पुरचुंड्या करून न्या. धान्याच्या नकोत, किडे येतात. जुनी काळी शाई काजळाची असते आणि पाण्यानं पसरते. ओलं फडकं, थुंकी लावलेलं बोट, पाण्याची बाटली, चहाचा कप यांपैकी काहीही त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका. धूळ मऊ कुंचल्यानं मधून कडेकडे झाडायची.

छायाचित्रासाठी चांगला मोबाइल पुरतो, पण तो स्टँडवर हवा आणि कागदाला अगदी समांतर. उजेड खिडकीतून बाजूनं यावा, थेट ऊन नको, फ्लॅश तर नकोच. कागदाखाली काळं किंवा राखाडी कापड, कडेला सेंटिमीटरची पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. पाठपोट दोन्ही बाजू घ्या. कोरी दिसणारी पाठही सोडू नका, शेरा आणि पोहोचल्याची तारीख तिथंच सापडते. लांब कागद तुकड्यातुकड्यानं घेताना आधीच्या चित्राचा एक तृतीयांश भाग पुढच्यात यावा, म्हणजे ओळी जुळवता येतात. चित्रं व्हॉट्सॲपनं पाठवू नका, ती तिथं दाबली जातात आणि बारीक अक्षर जातं. वायर लावून लॅपटॉपवर उतरवा आणि गाव सोडण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हवर एक प्रत करा. फाइलच्या नावात तालुका, गाव, घराचा क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि बाजू एवढं हवं. मालकाचं नाव फाइलवर घालू नका, ते फक्त नोंदवहीत.

संमतीचा फॉर्म एका पानाचा, साध्या मराठीत, वाचून दाखवून भरायचा. त्यात तीन वेगळ्या चौकटी ठेवा: विभागात अभ्यासाला चालेल का, प्रदर्शनात लावलं तर चालेल का आणि नाव घालून की न घालता, छापलं तर चालेल का. तिन्हींना ‘हो’ म्हणायलाच हवं असा आग्रह धरू नका. शेवटी एक प्रश्न न चुकता विचारा: या जमिनीवर किंवा घरावर दावा चालू आहे का? असेल तर चित्र घ्या की नको हे मालकावर सोडा आणि तो कागद तिथं वाचूच नका.

वाचनाच्या टेबलावरच बहुतेक घोटाळे होतात. गर्दी जमते, कोणी तरी म्हणतं, मोठ्यानं वाचा. कागदात गहाण असतं, कर्ज असतं, दत्तकविधान असतं, भाऊबंदकी असते, आणि दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे असतात. वाचन मालकाच्या कानापुरतं, बाजूच्या खोलीत. आज तिथल्या तिथं मुख्य आशय सांगा आणि पूर्ण वाचन महिन्याभरात देऊ असं म्हणा. जात पडताळणीसाठी किंवा जमिनीच्या कामासाठी दाखला मागणारे लोक हटकून येतील. त्यांना नम्रपणे सांगायचं, विभाग दाखला देत नाही आणि लिप्यंतरावर शिक्का मारत नाही. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि अधिकृत भाषांतरकार आहेत. एकदा शिक्का दिलात की विभागाच्या दारात रांग लागते आणि शिक्षकाला साक्षीला जावं लागतं.

मुलांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवा. छत्रपतींची सनद मिळणार नाही. मिळतील ती विसाव्या शतकातली खरेदीखतं, सावकाराच्या पावत्या, कापसाच्या जिनिंगची बिलं, केळीच्या वॅगनच्या पावत्या, शाळेचे दाखले, तुरुंगातून आलेली एखाद-दुसरी चिठ्ठी, लग्नातल्या आहेराच्या वह्या. आहेराची वही तर सोन्यासारखी. कोण कुठल्या गावाहून आलं, काय दिलं, किती दिलं, नात्यागोत्याचा अख्खा नकाशा तीत असतो. अशा वह्या बहुतेक बायकांच्या ताब्यात असतात आणि त्या पडवीत येऊन बसत नाहीत. म्हणून दोन विद्यार्थिनींनी वेगळं फिरावं, घरात जाऊन, माय-मावशींशी बोलून.

निघताना प्रत्येक घराला कागद सांभाळायची चार वाक्यं सांगा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याचा दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवा. दिवाळीनंतर एकदा सावलीत उघडून वारा द्या.

मग महिन्याभरात परत जा. छापील चित्रं, देवनागरीत वाचलेला मजकूर, आणि सोप्या मराठीत दोन ओळींचा अर्थ, हे प्रत्येक घरी हातात नेऊन द्यायचं, टपालानं नाही. ही फेरी चुकली तर आधीचं सगळं काम गावाच्या लेखी फसवणूक ठरतं.

व्याख्यान

पाहुण्याला बोलावण्याआधी मुलांना त्या विषयावरची आठ-दहा पानं वाचायला द्या. ती वाचली नसतील तर व्याख्यान कितीही चांगलं झालं तरी प्रश्न येत नाहीत आणि शेवटी शिक्षकच आपापसांत बोलतात. सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मनोगत यांत पाऊण तास जातो; हे सगळं मिळून दहा मिनिटांत बसवा. आभार तीन वाक्यांचे. व्याख्यान चाळीस मिनिटं, प्रश्न तीस मिनिटं, पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. पहिला प्रश्न विचारायला धीर होत नाही, म्हणून प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्या, ‘बिल पाठवा, बघू’ असं म्हणू नका.

विषय जवळचे घ्या. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागात झालेला उठाव, १८२५ला धरणगावात उभी राहिलेली भिल्ल पलटण आणि १८५७-५८ मधला खाज्या नाईकाचा उठाव, अमळनेरची प्रताप मिल, उकाई आणि सरदार सरोवराखाली गेलेली गावं. यांतल्या प्रत्येक विषयाला सभागृहात कोणाचं तरी घर, गाव किंवा आजोबा जोडलेले असतात, त्यामुळे प्रश्न आपोआप येतात.

शिवारफेरी

एका दिवशी एकच ठिकाण. तीन किल्ले आणि दोन देवळं एका दिवसात उरकली की ती सहल होते. एस.टी. प्रासंगिक करारावर मिळते, आगारात वेळेत अर्ज द्या. पस्तीसच्या वर मुलं नेऊ नका आणि पहाटे सहाला निघा. जानेवारीतही अकरानंतर उन्हात मोजमापं नीट होत नाहीत.

थाळनेर हे नमुन्यादाखल घ्या, शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा १३९९ मध्ये वारला आणि त्याला इथंच पुरलं. त्याच्या मुलानं अशीरगड घेऊन बुऱ्हाणपूर वसवलं. पुढं १६०१ मध्ये अकबरानं अशीरगड घेतल्यावर हे राज्य संपलं. त्याच थाळनेरच्या किल्ल्यावर फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं हल्ला केला, आतली शिबंदी कापली गेली आणि होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिलं. त्या फाशीवरून इंग्लंडातही टीका झाली. म्हणजे एका ठिकाणी चारशे वर्षांच्या अंतरावरचे दोन थर हाताशी येतात, आणि दुसऱ्या थरासाठी इंग्रज अधिकाऱ्यांचे लेख आधी वर्गात वाचता येतात. मुलांनी जागेवर एवढंच तपासायचं: त्या लेखात दरवाजे, नदी आणि वस्ती जशी सांगितली आहे तशी दिसते का, आणि काय दिसत नाही.

पाच-पाचचे गट करा. एका गटाला तीस मीटरचा टेप, एकाला होकायंत्र, एकाला रेखाटन, एकाला गावातल्या माणसांशी बोलणं. गट मध्येच बदलू नका. घुमटांपाशी चपला काढायच्या, कबरीवर चढायचं नाही, ती आजही श्रद्धेची जागा आहे. नदीकडची किल्ल्याची कड खचते, तिथं कोणालाही उभं राहू देऊ नका. सरपंच आणि पोलीस पाटील यांना पत्र आधी द्या. संरक्षित स्मारक असेल तर ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

प्रकाशे, सावळदा अशा जुन्या वसाहतींच्या जागी मुलांचा हात आपोआप खापरांकडे जातो. प्रकाश्याला तापी-गोमई संगमावर १९५५ मध्ये उत्खनन झालं, सावळद्याच्या नावानं तर एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच ओळखली जाते. खापर उचलून विभागाच्या कपाटात आणलं की ते कुठल्या थरातलं, कुठल्या जागेवरचं हे कायमचं पुसलं जातं. पट्टी ठेवून जागेवरच चित्र घ्या आणि आहे तिथं सोडा.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायचं तर पावसाळ्यात नको, ओढे चढतात. डिसेंबरात जा आणि वनखात्याच्या प्रवेशाचं आधी पाहून ठेवा. पाटण्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आधी वर्गात वाचून घ्या: गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेला मठ आणि त्याला दिलेलं दान. लेख संस्कृतात आहे आणि बाजारातल्या उत्पन्नाचा भाग मठाला दिल्याचा मजकूर जुन्या मराठीत. ज्यांच्याकडून वसुली होणार त्यांना कळेल त्या भाषेत तेवढा भाग लिहिला गेला असावा का, यावर मुलं तासभर वाद घालू शकतात.

आठवणी ध्वनिमुद्रित करणं

कागद-दिवसाला भेटलेल्या आबा-मायांकडे दुसऱ्यांदा जायचं ते यासाठी. दोन यंत्रं एकदम चालू ठेवा, एक बंद पडतंच. पंखा बंद, माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, बैठक पाऊण तासाची. ‘स्वातंत्र्यलढ्याबद्दल सांगा’ असं सुरुवातीला विचारलं की भाषण ऐकायला मिळतं. ‘तुमचं जुनं घर कुठं होतं, दार कुठल्या दिशेला’ इथून सुरू करा. १९७२चा दुष्काळ आणि खडीकामं, वीज गावात कधी आली, गिरणी बंद पडली तो महिना, रावेर-सावद्याहून दिल्लीला जाणारी केळी, धरणात गेलेलं गाव, हे आठवणींच्या टप्प्यात आहे. माणूस अहिराणीत, लेवा गणबोलीत किंवा पावरीत बोलला तर तसंच उतरवा, प्रमाण मराठी करू नका. तासाभराच्या बोलण्याला उतरवायला पाच-सहा तास लागतात, बोलीत त्याहून जास्त. म्हणून उतरवून संपल्याशिवाय नवी मुलाखत घ्यायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावी येतात आणि झोक्यावरची गाणी तेव्हाच ऐकायला मिळतात. ती घ्यायची असतील तर त्या गावातल्याच विद्यार्थिनीनं घरबसल्या घ्यावीत.

मंडळ, चहा, हिशोब

पाच जणांचं मंडळ पुरतं: सचिव, नोंदवही, कॅमेरा, हिशोब, चहापाणी. त्यात दोघं तरी एम.ए.च्या पहिल्या वर्षाचे हवेत. दोन वर्षांत सगळे निघून जातात आणि पेटीची किल्ली कोणाकडे हेही पुढच्यांना माहीत नसतं, असं फार होतं. विभागाची एक खोली अकरा ते चार उघडी ठेवा, काही कार्यक्रम नसला तरी.

साठ जणांच्या चहाला तीन लिटर दूध, अडीच लिटर पाणी, सहाशे ग्रॅम साखर आणि सव्वाशे-दीडशे ग्रॅम चहा पावडर लागते. जेवायला थांबवायचं असेल तर साडेचार किलो तांदूळ आणि दीड किलो तुरीची डाळ यांची खिचडी, कढी आणि पापड. साठ जणांना पोटभर होते आणि दोघं करू शकतात. वरण-बट्टी बेत म्हणून भारी, पण बट्ट्या भाजण्यात चार जण दिवसभर अडकतात आणि त्यांना कार्यक्रम दिसतच नाही. पावत्या त्याच दिवशी वहीत चिकटवा.

एप्रिल-मे

बाहेर पडायचं नाही म्हणून हे दिवस आतल्या कामाचे. वर्षभराची चित्रं गावनिहाय लावा, नोंदवहीशी क्रमांक ताडून पाहा, न जुळणारे लाल शाईनं लिहा. तीन प्रती करा: एक विभागाच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ग्रंथालयात, म्हणजे वेगळ्या इमारतीत. प्रत्येक डिस्क उघडून दहा-बारा फाइली खरंच उघडतात का ते बघा. संमतीचे मूळ फॉर्म गावानुसार फाइलला लावून कुलपात ठेवा आणि त्यांचीही चित्रं काढून घ्या. न सुटलेल्या शब्दांची यादी एका कागदावर नव्यानं लिहून फळ्याशेजारी लावा. जुलैत कट्टा तिथूनच सुरू करायचा.